चोर बाहेर ठेवायचा, हवा नव्हे

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही दोघंच असतो, मुलं आपापल्या संसारात आहेत. निवृत्तीनंतर हौसेने एक जुनं मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेतलं आणि जमेल तसं फिरतो. मध्यंतरी हमरस्त्याच्या कडेला गाड्या थांबायच्या जागेत रात्र काढली. सकाळी जाग आली ती उशिरा आणि डोकं जड. बघतो तर पुढचं दार नुसतं लोटलेलं, पुढच्या सीटवरचा यांचा कॅमेरा आणि माझी पर्स गायब. चार पावलांवर आम्ही झोपलेलो आणि काही म्हणजे काही कळलं नाही! ओळखीच्यांनी सांगितलं की चोर आधी आत गुंगीचा गॅस सोडतात. तेव्हापासून यांनी गाडीतले सगळे झरोके, अगदी फरशीतलेसुद्धा, चिकटपट्टी लावून बंद केलेत. राहत्या भागाच्या दाराला आतून साखळी आणि कुलूप. उशाशी लोखंडी टॉमी. आता पेपर स्प्रे मागवू म्हणतात. चोरी पुन्हा झाली नाही, पण गाडीत झोपलो की सकाळी माझं डोकं ठणकतं. आमच्यावर खरंच गॅस सोडला असेल का? निर्धास्त झोप लागावी म्हणून काय करू? की गाडी विकूनच टाकू?

ताईंचं उत्तर

ताई म्हणालात, तर त्या हक्काने आधी कामाला लावते. वाचणं इथेच थांबवा, गाडीत जा आणि ती चिकटपट्टी काढा. फरशीतली, दाराच्या तळाची, शेगडीच्या खालची, फ्रिजमागची, छतातली, सगळी. यांनी कुरकुर केली तर माझं नाव सांगा. पट्टी निघाली की मग पुढचं वाचा.

मोटरहोममधले झरोके ही कारखान्यात बुजवायची राहून गेलेली भोकं नाहीत. ती मुद्दाम ठेवलेली असतात आणि बंद करता येऊ नयेत अशीच केलेली असतात. फरशीतली भोकं गॅससाठी. शेगडी, हीटर, फ्रिज ज्या गॅसवर चालतात तो हवेपेक्षा जड असतो. प्रोपेन साधारण दीडपट, ब्युटेन दुप्पट. कुठे गळती झाली तर तो वर तरंगत नाही, पाण्यासारखा खाली साचतो आणि त्या भोकांतून बाहेर पडतो. ती बंद केलीत तर गळलेला गॅस रात्रभर पायाशी साचून राहणार, आणि सकाळी उठल्याउठल्या तुम्ही चहासाठी काडी ओढणार.

वरचे झरोके तुमच्या श्वासासाठी. जरा हिशेब करून बघा. झोपलेला माणूस तासाला सुमारे १२ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. दोघं मिळून ८ तासांत झाले १९२ लिटर. मध्यम आकाराच्या मोटरहोममध्ये मोकळी जागा असते १२ घनमीटरच्या आसपास, म्हणजे १२,००० लिटर. गाडी खरोखर हवाबंद असेल तर पहाटेपर्यंत आतल्या हवेत दीड टक्क्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड झाला. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्का असतो. चिकटपट्टी लावून गाडी काही बाटलीसारखी बंद होत नाही, फटी राहतातच, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा कमी येईल. तरी डोकं ठणकायला तेवढं पुष्कळ झालं. तेव्हा तुमच्या डोकेदुखीचं कारण बाहेरच्या चोरापेक्षा आतल्या चिकटपट्टीत शोधायला हवं, असा माझा पक्का संशय आहे.

याहून वाईट शक्यताही आहे आणि ती मी हलक्यावारी घेणार नाही. कार्बन मोनॉक्साइड. शेगडीची ज्योत निळी न राहता पिवळी जळत असेल, हीटरच्या धुराड्यात पाला किंवा पाखराचं घरटं अडकलं असेल, गॅसवरच्या फ्रिजची सफाई वर्षानुवर्षं झाली नसेल, शेजारचा जनरेटर तुमच्या खिडकीखाली धूर सोडत असेल, तर हा वायू आत येतो. विझत आलेली कोळशाची शेगडी ऊब राहावी म्हणून आत घेणं तर जिवाशी खेळ. विझलेले दिसणारे निखारेही तासन्‌तास हा वायू सोडत असतात. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. सुरुवातीची लक्षणं कोणती? डोकं दुखणं, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं, उशिरापर्यंत जाग न येणं. आता तुमचं पत्र पुन्हा वाचा.

म्हणून पहिली खरेदी कुलपाची नको, कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची करा. घराच्या भिंतीवरचा कुठलाही चालत नाही. गाडीतले हादरे आणि तापमानातले चढउतार सोसणाऱ्या अलार्मवर ईएन ५०२९१-२ हे मानक छापलेलं असतं, ते बघून घ्या. हवेत ५० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग, वायू टिकून राहिला तर तो तास-दीड तासाच्या आत वाजतो, ३०० पीपीएम झाला तर तीन मिनिटांत. तो कुठे लावायचा हे सोबतच्या पत्रकात दिलेलं असतं. कपाटाच्या आत किंवा पडद्यामागे नको एवढं नक्की. मागच्या बाजूला मुदत छापलेली असते, कारण आतला सेन्सर काही वर्षांनी मरतो आणि मेलेला अलार्म दिसायला जिवंत अलार्मसारखाच दिसतो. गळक्या गॅसचा अलार्म वेगळा, तो फरशीलगत. हीटर आणि फ्रिज गॅसच्या कामाच्या जाणकाराकडून तपासून घ्या.

आणि पट्टी काढल्यावरही कधी डोकेदुखीने जाग आली तर आधी दोघं बाहेर या, गॅस बंद करा आणि त्याच सकाळी डॉक्टरांकडे जा. कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे असं स्वतःहून सांगा. मोकळ्या हवेत रक्तातलं त्याचं प्रमाण चार-पाच तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे संध्याकाळी केलेली तपासणी फसवते.

आता गुंगीच्या गॅसकडे येऊ. ही गोष्ट मोटरहोमवाल्यांत आणि ट्रकवाल्यांत फार वर्षं फिरते आहे आणि ऐकणाऱ्याला ती बरीही वाटते. आपण कुलूप विसरलो किंवा गाढ झोपलो म्हणण्यापेक्षा आपल्याला बेशुद्ध केलं होतं, हे मनाला सोपं जातं ना! पण ज्यांचा हाच धंदा आहे त्या भूलतज्ज्ञांना विचारा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अनेस्थेटिस्ट्स या संस्थेने यावर जाहीर मत दिलेलं आहे आणि ते स्पष्ट आहे: मोटरहोममध्ये वायू सोडून लोकांना बेशुद्ध केल्याची गोष्ट हे मिथक आहे.

त्यांचं म्हणणं पटायला फार विज्ञान लागत नाही. १८४६ मध्ये बोस्टनला विल्यम मॉर्टनने इथर हे भुलीचं औषध दिलं आणि सर्जनने रुग्णावर शस्त्रक्रिया करून दाखवली, तेव्हापासून इथरची एक खोड सगळ्यांना माहीत आहे. त्याचा वास इतका उग्र असतो की झोपलेला माणूस खोकत उठतो. शिवाय ते भडकन पेटतं. आजच्या सेवोफ्लुरेनसारख्या औषधांना उग्र वास नाही, ती पेटतही नाहीत, पण मग प्रमाणाचं गणित आडवं येतं. माणूस बेशुद्ध राहायला हवेत साधारण २ टक्के सेवोफ्लुरेन लागतं. तुमच्या १२ घनमीटरच्या गाडीत ते झालं २४० लिटर वाफ. एक मिलिलिटर द्रवापासून वाफ मिळते सुमारे १८० मिलिलिटर. म्हणजे सव्वा लिटरहून जास्त औषध, तेही झरोके बंद असतील तर. ते उघडे असतील तर वाफ निघून जाते आणि ओततच राहावं लागतं. २५० मिलिलिटरच्या पाच-सहा बाटल्या हे महागडं औषध मिळवायचं, अंधारात ते सगळं वाफेत बदलायचं, खिडकीतून आत सोडायचं, मग स्वतः त्याच हवेत शिरून कॅमेरा उचलायचा. एवढं जमणाऱ्या माणसाला कॅमेरा चोरायची गरज काय?

आणि बेशुद्ध माणूस आपोआप जिवंत राहत नाही. जीभ मागे पडते, श्वासनलिका बंद होते. ऑपरेशन थिएटरात एक डॉक्टर फक्त त्याकडे लक्ष ठेवून बसलेला असतो. २००२ मध्ये मॉस्कोच्या एका नाट्यगृहात ओलीस धरलेल्या लोकांना सोडवण्यासाठी सरकारी यंत्रणेने फेंटानिल या तीव्र गुंगीच्या औषधाच्या जातीतला वायू आत सोडला. शंभराहून अधिक ओलीस दगावले, बहुतेक त्या वायूमुळेच. गुंगीचा गॅस खरंच इतका सर्रास वापरला जात असता तर सकाळी फक्त पर्स गेल्याच्या तक्रारी आल्या नसत्या.

तुमच्या पत्रातच आणखी एक पुरावा आहे. गेलं काय? पुढच्या सीटवरचा कॅमेरा आणि पर्स. दोघं बेशुद्ध आहेत अशी ज्याला खात्री आहे तो चोर तिथेच थांबला असता का? फोन, घड्याळं, कपाटातली बॅग, बोटातली अंगठी, सगळं सावकाश नेलं असतं. तुमचा चोर घाबरलेला होता. दार उघडलं, हाताला लागलं ते घेतलं आणि पळाला. दार लावायलाही थांबला नाही, कारण लावताना आवाज झाला असता. दिवसभर गाडी हाकून थकलेली माणसं, शेजारी रात्रभर घरघरणारे ट्रक, मध्ये ओढलेला पडदा. तुम्हाला जाग आली नाही यात काही आक्रीत नाही. त्या ट्रकांच्या धुरानेही डोकं जड झालेलं असू शकतं.

तेव्हा चोर कसा आला हे कळलं: दारातून. मोटरहोमचा पुढचा भाग बहुतेक वेळा साध्या मालवाहू व्हॅनचाच असतो, आणि व्हॅनच्या दारांची कुलपं चोरांना पाठ असतात, कारण कारागिरांची अवजारं ते याच दारांमधून नेत आलेत. बरेचदा एवढंही करावं लागत नाही. पुढची दोन दारं एका रिमोटवर आणि राहत्या भागाचं दार वेगळ्या किल्लीवर, अशी रचना पुष्कळ गाड्यांत असते. एक लावलं की दुसरं लागलं असं वाटतं. तुमच्या गाडीत काय आहे ते दिवसाउजेडी तपासा. एकाने आत बसून लॉक करायचं, दुसऱ्याने बाहेरून प्रत्येक हँडल ओढून बघायचं. मागच्या सामानाच्या कप्प्याचंही.

कप्प्यांवरून आठवलं. अमेरिकेत वर्षानुवर्षं आरव्हीच्या, म्हणजे तिकडच्या मोटरहोमसारख्या गाड्यांच्या, बाहेरच्या कप्प्यांना बहुतेक कंपन्या एकच किल्ली देत आल्या, सीएच७५१ नावाची. शेजाऱ्याच्या किल्लीने तुमचा कप्पा उघडतो! जुन्या गाडीची कुलपं बदलून घेण्यात शहाणपण आहे, आणि त्या कप्प्यात काही मोलाचं न ठेवण्यात त्याहून जास्त.

पुढच्या दारांना रात्री एक बिनखर्चाची युक्ती आहे. सीटबेल्ट ओढून दाराच्या आतल्या मुठीतून घ्या आणि बकलमध्ये अडकवा. बाहेरून कोणी दार हिसडलं की पट्टा जागीच अडकतो, अपघातात अडकतो तसाच. मात्र हळूहळू ओढलं तर तो सुटत जातो, म्हणून मुठीभोवती एक-दोन वेढे द्यायचे आणि वर सैल झोल ठेवायचा नाही. कुलूप फोडलं तरी दार बोटभरच उघडतं आणि तुम्हाला जाग येण्याइतका आवाज होतो. सोडताना लाल बटण दाबलं की झालं, अंधारातही. दोन्ही दारांना जोडणारे तयार पट्टेही मिळतात, तेही चांगले, पण एका हाताने झटकन सुटणारा घ्या.

आणि इथेच यांच्या साखळी-कुलपाबद्दल बोलायला हवं. ती काढा. आग लागली तर मोटरहोम काही मिनिटांत पेटतं. प्लास्टिक, फोम, प्लायवूड, सगळं जळाऊ. धुरात खोकत, चष्म्याशिवाय, थरथरत्या हाताने किल्ली भोकात घालून बघा म्हणावं यांना. आतून लावायचं ते सगळं किल्लीविना उघडलं पाहिजे. मजबूत आडवी कडी बसवा, हाताने सरकणारी. रात्री दिवे बंद करून दोघांनीही ती एकदा उघडून बघा, आणि जी मोठी खिडकी बाहेर पडायला उपयोगी आहे तिच्यासमोर सामान रचू नका.

खिडक्या बहुधा ॲक्रिलिकच्या, वर बिजागरी आणि खाली प्लास्टिकच्या खिट्ट्या. स्क्रू-ड्रायव्हर घालून पिळलं की सुटणाऱ्या. पहिल्या खाचेत किलकिली ठेवलेली खिडकी म्हणजे तर पाचर घालायला आयती फट. म्हणून हाताच्या उंचीवरच्या खिडक्या रात्री पूर्ण लावा आणि हवा छतातून घ्या. छताची झडप दोन-तीन बोटं उघडी ठेवली आणि झरोके मोकळे असले की दोघांना पुरेशी हवा मिळते. उकाड्यात पंखा छताकडे तोंड करून लावा.

पण कुलपांपेक्षा जागा महत्त्वाची. तुमच्यावर घाला पडला तो अगदी ठरलेल्या ठिकाणी. हमरस्त्याकाठच्या जागेत चोराला काय नाही? रात्रभर अनोळखी गाड्यांची ये-जा, इंजिनांचा आवाज, दमलेली माणसं, आणि काम झालं की एका मिनिटात वेगाने निघून जाणारा रस्ता. तिथे जेवा, पाय मोकळे करा, दिवसा अर्धा तास डुलकी घ्या, पण तेव्हाही एकाने जागं राहायचं. रात्रीसाठी हमरस्ता सोडून आत जा. जिथे राखणदार आहे, शेजारी तुमच्यासारखीच दहा कुटुंबं आहेत, अशी मोटरहोमसाठीची जागा सगळ्यात बरी. शेजाऱ्यांशी दोन शब्द बोला. ज्यांच्याशी तुम्ही संध्याकाळी बोललात ते रात्री तुमच्या दाराशी कोणी परका दिसला तर पडदा सारून बघतात.

कधी एकटं थांबायची वेळ आलीच तर उजेड असताना पोहोचा आणि उतरून आधी जमीन बघा. गाडीच्या काचा फुटतात तेव्हा त्यांचे साखरेच्या खड्यांएवढे चौकोनी तुकडे होतात आणि ते मातीत, गटाराच्या कडेला महिनोन्‌महिने पडून राहतात. पार्किंगच्या पट्ट्यालगत असे हिरवट खडे चमकताना दिसले तर दृश्य कितीही सुंदर असो, पुढे चला. माझ्या मते कुठल्याही समाजमाध्यमावरच्या पंचतारांकित शेऱ्यापेक्षा ही साक्ष खरी. कोणी उगाच गाडीभोवती फेरी मारून गेलं, कोणी नको तेवढी चौकशी केली, किंवा कारण न सांगता येण्यासारखं मन खात राहिलं, तरी निघा. यांना त्यासाठी पुरावा द्यायची गरज नाही. तुमच्यात आधीच ठरवून टाका: दोघांपैकी एकाला जागा पटली नाही तर वाद न घालता पुढे जायचं.

निघता यायला मात्र गाडी तयार हवी, आणि हे कोणी सांगत नाही. मोटरहोम उभं केलं की माणूस घर मांडतो. पुढच्या सीट मागे फिरवतो, चाकाखाली ठोकळे घालतो, छत्री-खुर्च्या बाहेर काढतो, समोरच्या काचेवर बाहेरून थंडी-उन्हाचं आवरण चढवतो. रात्री दोन वाजता कोणी दार हलवलं तर यातलं एकेक आवरायला बाहेर उतरणार का? एकट्या जागी हे काही करायचं नाही. गाडीचं तोंड रस्त्याकडे. चालकाची सीट सरळ, तिच्यावर सामान नाही. काचेचे पडदे आतून. चप्पल आणि चष्मा पलंगापाशी, रोज एकाच जागी. किल्ली इग्निशनमध्ये नाही, खिडकीतून दिसेल अशीही नाही. पलंगाजवळच्या एका ठरलेल्या खिळ्याला, आणि ती कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक. गाडीत आतूनच चालकाच्या सीटवर जाता येत असेल तर दार हलल्यावर उत्तर एकच: सगळे दिवे लावा, हॉर्नवर हात ठेवा आणि गाडी काढा. बाहेर उतरून कोण आहे बघायचं नाही.

तुमच्या किल्लीवर संकटाचं बटण, म्हणजे दाबलं की गाडीचा भोंगा वाजवणारं, असेल तर तेही वापरा. किल्ली नुसती खिशात असताना दार उघडत असेल अशी बिनचावीची पद्धत असेल, तर चोर त्या किल्लीचा संदेश दुरून पकडून गाडीपर्यंत पोहोचवू शकतात. त्यावर धातूचं अस्तर असलेली पिशवी मिळते. पिशवीत किल्ली ठेवून दार उघडतं का बघितलं की पिशवी खरी की खोटी ते कळतं. पण पिशवीतून संकटाचं बटणही चालणार नाही, हे लक्षात ठेवा. जुन्या मोटरहोममध्ये ही भानगड बहुधा नसतेच.

टॉमी आणि स्प्रे. तुमच्या यांची काळजी मला समजते, पण स्प्रे बंद गाडीत मारला तर चोराइतकाच तो तुमच्या डोळ्यांत जाईल, आणि चोराला पळायला दार आहे, तुम्हाला नाही. शिवाय सगळीकडे तो कायद्याने चालत नाही. ब्रिटनमध्ये तर नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे. टॉमी चाकाच्या सामानात परत ठेवा. हाती हत्यार आलं की माणूस दाराकडे जातो, आणि आपल्याला नेमकं तेच टाळायचं आहे. चोर आत आलाच तर ओरडा, पण त्याची वाट अडवू नका. त्याला निघून जायचं असतं, जाऊ द्या.

दार ठोठावलं तर उघडायचं नाही. आतूनच बोला. चाक बसलंय, गॅस गळतोय, माझी गाडी बंद पडलीय, काहीही सांगितलं तरी काचेआडून ‘मदतीसाठी फोन लावते’ म्हणा. खऱ्या गरजूला तेवढं पुरतं. पोलीस म्हणवणारा असेल तर ओळखपत्र काचेला लावायला सांगा आणि आपत्कालीन क्रमांकावर फोन करून खात्री करा. खरा पोलीस त्याने चिडत नाही. ११२ हा क्रमांक युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत आणि भारतातही चालतो. फोनवर पहिला प्रश्न येतो ‘कुठे आहात?’, म्हणून झोपण्याआधी रस्त्याचा क्रमांक आणि जवळच्या गावाचं नाव कागदावर लिहून ठेवा. दिवसाही चाक पंक्चर झाल्याचं सांगून एकजण तुम्हाला मागे नेतो आणि दुसरा पुढून पर्स उचलतो. अशा वेळी आधी दारं लॉक, मग चाक.

अलार्म बसवायचा असेल तर एक प्रश्न नक्की विचारा: आम्ही आत झोपलेले असताना तो चालू राहील का? आतली हालचाल टिपणारे सेन्सर रात्री निरुपयोगी, तुम्ही कुशीवर वळलात तरी बोंब मारतील. दारांना आणि खिडक्यांना चुंबकाचे सेन्सर लागतात आणि रात्रीची वेगळी सोय लागते. गुंगीचा गॅस ओळखणारा अलार्म म्हणूनही काही विकलं जातं. तुम्हाला आता त्याची गरज का नाही ते कळलं असेल. जीपीएसचा ट्रॅकर गाडी गेल्यावर कामाचा, झोपेत नाही.

मोलाच्या वस्तू पुढच्या भागात ठेवायच्याच नाहीत. संध्याकाळी एकदा बाहेरून काचेला कपाळ लावून बघा, तुम्हाला जे दिसतं ते चोराला दिसतं. चार्जरची लोंबती वायरसुद्धा फोनचा पत्ता सांगते. पासपोर्ट आणि एक कार्ड गाडीच्या सांगाड्याला बोल्टने पक्क्या केलेल्या छोट्या तिजोरीत, दुसरं कार्ड आणि थोडी रोकड वेगळीकडे. कॅमेऱ्याचे आणि फोनचे क्रमांक लिहून ठेवा, पोलीस आणि विमा दोघंही विचारतात. गेल्या चोरीची तक्रार केली नसेल तर अजूनही करा आणि पर्समध्ये किल्ली होती का ते आठवून बघा. असेल तर कुलपं आधी.

राहिला विकायचा प्रश्न. आत्ता ठरवू नका. पट्टी काढा, अलार्म लावा, कडी बसवा आणि राखणदार असलेल्या जागी तीन-चार रात्री राहून बघा. मला वाटतं डोकेदुखी पहिल्याच सकाळी गेलेली असेल. यांची भीती जायला जास्त दिवस लागतील. झोपण्याआधी गाडीभोवती फेरी मारून सगळी हँडल ओढून बघायचं काम त्यांच्याकडे द्या, हाताला काम असलं की मन जरा निवतं. तेवढ्यानेही त्यांना झोप लागली नाही, तर गाडी दिवसा फिरण्यापुरती ठेवा आणि रात्री खोली घ्या. पुष्कळजण तसं करतात आणि मजेत असतात. विकायची वेळ आलीच तर ती तुम्हा दोघांच्या मनाने यावी, एका कॅमेरा-चोराच्या मनाने नको.